नऊ नंबरची पेटी

पेटी ऋजुताच्या हातात होती आणि फोन सांगत होता की पेटी इथं नाही.

तिनं फोन परत झाकणापाशी नेला. पुन्हा तेच. ‘ओळख पटली. अंतर जुळत नाही.’ दसऱ्याची सुट्टी संपून मिरजेच्या कृष्णाकाठ हॉस्पिटलात ऑपरेशनं सुरू झाली होती. फ्रिजसमोर दोन नर्सेस ट्रे घेऊन खोळंबल्या होत्या आणि ऋजुता, हॉस्पिटलची सुरक्षा अधिकारी, हातातल्या निळ्या पेटीकडे भूत दिसल्यासारखी बघत होती. फोनच्या पाठीला कसलासा ओला डाग लागला होता, तो तिनं ओढणीला पुसला आणि पेटी होती तशी फ्रिजात ठेवली.

"दहा नंबरची घ्या. हिला हात लावू नका."

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही."

काही नाही म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा कसा असतो, हे नर्सेसना इतरांपेक्षा जास्त कळतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या हॉस्पिटलात झालं होतं की नऊ नंबरच्या पेटीत काहीतरी काळंबेरं आहे.

पेटीत भुलीचं औषध होतं, नव्या पिढीचं. मोठ्या ऑपरेशनचं दुखणंसुद्धा ते जाणवू देत नसे. त्याची सवय लागत नाही असं कंपनी सांगायची, आणि बाजारात मात्र चांगल्या घरची पोरं त्याच्यासाठी आईच्या बांगड्या मोडत होती. म्हणून नियम कडक होते. औषध थंडाव्यात ठेवायचं, पेटीत ठेवायचं, आणि पेटीला साध्या कुलपाऐवजी टॅग.

टॅग म्हणजे झाकणावर चिकटवलेला पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा. त्याला बॅटरी नाही. फोन जवळ आला की फोनच्याच लहरींवर तो तेवढ्यापुरता जागा होतो, फोननं घातलेल्या कोड्याचं उत्तर देतो आणि पुन्हा गप्प होतो. कोडं दर वेळी नवं असतं, उत्तर काढायची गुप्त किल्ली टॅगच्या पोटात असते, त्यामुळे एकदा उत्तर चोरून ऐकलं तरी ते दुसऱ्यांदा चालत नाही. इथवरचं सगळं जुनं होतं. चोरांनी त्याच्यावर उपायही जुनाच शोधला होता. किल्ली फोडायचीच कशाला? खरी पेटी उचलायची, तिच्या जागी तशीच खोटी ठेवायची आणि खोटीत एक चिमुकलं यंत्र लपवायचं. फोननं कोडं घातलं की यंत्र ते लांबच्या खऱ्या टॅगला विचारतं आणि आलेलं उत्तर फोनला देतं. घास भरवताना करवलीनं मागून कानात उखाणा सांगावा आणि नवरीनं तो खुशाल आपला म्हणून घ्यावा, तसं.

ऋजुताचं संशोधन इथून पुढचं होतं. उत्तर बरोबर आहे एवढ्यावर तिची पद्धत भागवत नसे, ते यायला किती वेळ लागला हेही ती मोजायची. लहर प्रकाशाच्या वेगानं जाते, सेकंदाच्या अब्जाव्या भागात फूटभर. त्याहून भरभर कुणालाच जाता येत नाही, चोरालासुद्धा नाही. समोरच्या टॅगचं उत्तर ज्या वेळात यायला हवं त्याहून उशिरा आलं, तर तेवढी वाट ते कुठूनतरी चालून आलं आहे. मधल्या यंत्राचा वेळ वजा करायचा, उरलेल्याचं जाण्याचं आणि येण्याचं असे दोन भाग करायचे, की खरा टॅग किती लांब आहे ते कळतं. दिशा मात्र कळत नाही.

"किती लांब?" हॉस्पिटलच्या संचालक डॉ. सुलभा म्हेत्रे यांनी विचारलं.

"नव्वद फूट." ऋजुतानं इमारतीच्या नकाशावर फ्रिजच्या जागी कंपासचं टोक रोवून वर्तुळ काढलं. रेघ कँटीनमधून, पार्किंगमधून आणि रक्तपेढीच्या मागून गेली.

"ह्या रेघेवर दिवसभरात निम्मी मिरज उभी असते," म्हेत्रे मॅडम म्हणाल्या. "आणि फ्रिजात आहे ती?"

"खोटी असणार. आत काय भरलंय, देव जाणे."

"मग ती उघडायची नाही. जागची हलवायचीसुद्धा नाही. चोराला वाटू दे, आपल्याला पत्ता नाही. रोज सकाळी तुम्ही एकटीनं फोन लावायचा आणि मला आकडा सांगायचा. हा नियम समजा."

म्हेत्रे मॅडम वाईट नव्हत्या. पण त्यांनी उभा जन्म लोकांची पोटं उघडून आत काय आहे ते बघण्यात घालवला होता, आणि माणसांच्या मनातलं तसं बघता येत नाही याचा त्यांना राग होता. त्यातच त्या दुपारी खुब्याचं हाड बसवलेला एक म्हातारा पैलवान शुद्धीवर येताच असा बोंबलला की दोन मजल्यांना ऐकू गेलं. औषध लागूच पडलं नव्हतं. मग मात्र संशयाला पाय फुटले. उरलेल्या पेट्यांमधले नमुने पुण्याला तपासायला गेले आणि हॉस्पिटलातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या पिशवीकडे बघायला लागला.

दुसऱ्या सकाळी आकडा साठ झाला.

ऋजुतानं नवं वर्तुळ काढलं आणि रेघ दोनदा तपासून बघितली. साठ फुटांवर गच्ची होती, जिना होता, बंद पडलेली लिफ्ट होती, आणि दिवसभर माणूस बसतो अशी एकच जागा होती. औषधभांडारातलं जिनेंद्र चौगुल्यांचं टेबल.

चौगुले भांडाराचे प्रमुख, दिवाळीनंतर निवृत्त होणारे. हॉस्पिटलात ऋजुताला सर्वांत आवडणारा माणूस कोण असं विचारलं असतं तर तिनं त्यांचंच नाव घेतलं असतं. तिनं टॅग आणले तेव्हा मोठमोठे डॉक्टर म्हणाले होते, आता आम्ही काय पेट्यांना फोन करत बसायचं? तेव्हा चौगुले एकेका नर्सला, एकेका वॉर्डबॉयला शेजारी उभं करून शिकवत राहिले. "पोरीनं डोकं लावलंय, आपण हात तर लावू या की," म्हणायचे.

तिनं आकडा सांगितला. सांगणं तिचं काम होतं. तासाभरात भांडाराच्या दारात दोन सुरक्षारक्षक उभे राहिले. त्यांनी चौगुल्यांचे खण उपसले, पिशवी उलटी केली, आणि शेवटी त्यांचा जेवणाचा डबा औषधं घ्यायला आलेल्या लोकांसमोर काउंटरवर उघडला. खालच्या पुड्यात दोन भाकरी, मधल्यात मुगाची उसळ, वरच्यात शेंगदाण्याची चटणी. रक्षकानं चटणीत चमचा घालून ढवळून बघितलं.

चौगुल्यांनी ऋजुताकडे बघितलं. ती काचेच्या दाराशी उभी होती.

"पोरी, हे काय चाललंय?"

"काका, आकडा तुमच्या टेबलावर येतोय."

"आकडा येतोय म्हणजे? माझ्याकडं पेटी हाय असं म्हणायचंय तुला?"

"मी काही म्हणत नाही. मोजमाप म्हणतंय."

"बरं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग एक काम कर. ती फ्रिजातली पेटी बाहेर काढ. माझ्यासमोर, ह्या सगळ्यांसमोर तपास. खोटी असली तर मी तुझ्या पुढं हात जोडून उभा राहतो."

"ती हलवायची नाही असा नियम आहे, काका. माझ्या हातात नाही."

"नियम हाय व्हय," चौगुले म्हणाले. त्यांनी डब्याचे पुडे एकावर एक लावले, कडी घातली आणि चौकशी होईपर्यंत घरी बसा असं सांगणारा कागद न वाचताच खिशात टाकला. जाताना कुणी त्यांना रामराम केला नाही. कालपर्यंत ज्यांच्यासाठी ते जेवण सोडून उठत, ती माणसंसुद्धा हातातल्या औषधांच्या चिठ्ठ्या वाचत बसली.

संध्याकाळी घरी तिनं निरंजनला सांगितलं. निरंजन तिचा नवरा, त्याच हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. त्या पैलवानाला भूल त्यानंच दिली होती, आणि तेव्हापासून तो चिडचिडा झाला होता.

"चौगुले? वेड लागलंय का तुम्हाला? तो माणूस सूर्यास्तानंतर पाण्याचा घोट घेत नाही आणि भुलीचं औषध विकेल?"

"धर्म पाळणारे चोरी करत नाहीत असं कुठं आहे?"

"तू कुणावर विश्वास ठेवतेस का गं कधी?"

"ठेवते. मोजून."

हे ती थट्टेनं म्हणाली होती, पण निरंजन हसला नाही. ताट अर्धं टाकून उठला, फोन उचलला आणि गॅलरीत गेला. जाताना त्यानं दार ओढून घेतलं. हे दार तो कधी ओढून घेत नसे, असं ऋजुताच्या मनात आलं आणि तिचा तिलाच राग आला.

तिसऱ्या सकाळी आकडा तीस होता.

पहिल्यांदा तिला बरं वाटलं. चौगुले घरी होते, मालगाव रस्त्यावर, इथून चांगले दोन मैल. आणि टॅग तीस फुटांवरून उत्तर देत होता. मग तिला म्हेत्रे मॅडमचा आवाज न बोलताच ऐकू आला: म्हणजे साथीदार आहे. संशयाचं असंच असतं. सुटकेचा पुरावासुद्धा तो आपल्याच पोतडीत टाकतो. कोण असेल साथीदार, म्हणून तिनं कंपास उचलला, रेघ ओढली, आणि ती रेघ भूलतज्ज्ञांच्या खोलीतून गेली. खोलीत तीन टेबलं. दोन डॉक्टर दसऱ्यापासून रजेवर होते.

तिनं कंपास खाली ठेवला. नकाशाची घडी घातली, पर्समध्ये टाकली. आज म्हेत्रे मॅडमना आकडा सांगायला ती गेली नाही.

एकदा पाल चुकचुकली की माणसाला सगळ्याच गोष्टींचे अर्थ लागायला लागतात. पैलवानाचं औषध निरंजनच्या हातून गेलं होतं. दिवाळीच्या खरेदीला तो टाळत होता. परवा त्याचे डोळे लाल होते. गॅलरीचं दार. निरंजन ऑपरेशनमध्ये असताना ती त्याच्या खोलीत गेली, त्याचं लॉकर उघडलं आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याची बॅग चाचपली. तळाशी कागदात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. कागद उलगडला तर आत माव्याची पुडी, सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेली. गणपतीत त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून सोडला होता तो मावा.

ती त्या लॉकरला टेकून हसली आणि मग तिला रडू आलं. एवढं चोरटेपण कशाचं होतं ते कळलं, पण आकडा तीसच होता. पुडी सापडली म्हणून पेटीचा संशय फिटत नव्हता. उद्या म्हेत्रे मॅडम विचारतील. उद्या दोन रक्षक या खोलीच्या दारात उभे राहतील आणि निरंजनची बॅग सगळ्यांसमोर उलटी होईल.

नाही, ती म्हणाली, मोजमापातच काहीतरी चुकलंय. निरंजन असं करणार नाही.

आणि ज्या क्षणी तिला असं वाटलं त्या क्षणी काय करायचं तेही सुचलं. ते इतकं सोपं होतं की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालासुद्धा सुचलं असतं. लहर धातूतून जात नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये कापसाचे बोळे आणि पट्ट्या निर्जंतुक करायचे स्टीलचे ड्रम असतात, घट्ट झाकणाचे. तिनं एक रिकामा ड्रम घेतला, फ्रिज उघडला, नऊ नंबरची पेटी सरळ उचलली आणि ड्रममध्ये ठेवली. फोन दर थोड्या वेळानं आपणच कोडं घालत राहील असा लावून पेटीवर ठेवला आणि झाकणाची खिटी ओढली. आता बाहेरच्या कुठल्याही टॅगला आतलं कोडं पोचणं शक्य नव्हतं. पेटी खोटी असेल तर आत शुकशुकाट होईल.

पाच मिनिटांनी झाकण उघडलं. फोननं इमानेइतबारे सगळी उत्तरं टिपली होती. ओळख पटली, अंतर तीस फूट. पुन्हा तीस फूट. पुन्हा तीस.

बंद ड्रममध्ये तीस फूट कुठून येणार? पेटी खरी होती. टॅग समोरच होता. बिचारा नुसता सावकाश बोलत होता.

मग तिनं त्या टॅगकडे तीन दिवसांत पहिल्यांदा डोळे उघडून बघितलं. त्याच्यावर हळदीकुंकवाचा जाड लेप होता. कडेनं वाळून खपल्या निघालेल्या, मध्ये अजून ओलसर, आणि त्यात रुतून बसलेली एक अक्षता.

खंडेनवमी. हत्यारांची पूजा. एक्सरेच्या यंत्राला झेंडूचा हार, जनरेटरला नारळ, अँब्युलन्सच्या चाकाखाली लिंबं. झाडलोट करणारी सिंधूमावशी पूजेचं ताट घेऊन तिच्यापाशी आली होती. "मॅडम, तुमचं हत्यार ह्येच न्हवं का? तुमच्या हातानं लावा. समद्यांस्नी नगं, एकीला लावलं की समद्यांस्नी पोचतंय." ऋजुताचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. म्हणूनच, मावशीला वाईट वाटू नये म्हणून, तिनं चांगलं दोन बोटं भरून लावलं होतं. बरोबर टॅगवर. हळद, चुना आणि पाणी, थेट टॅगच्या नाजूक तारेवर. तारेचा सूर उतरला आणि उत्तराला उशीर व्हायला लागला. फ्रिजच्या दमट गारव्यात लेप वाळायला दिवस लागले. तो जसजसा वाळत गेला तसतसा उशीर कमी होत गेला आणि ती समजत राहिली की चोर जवळ येतोय. आणखी दोन दिवस गेले असते तर वर्तुळ तिच्या स्वतःच्या खुर्चीवर येऊन बसलं असतं.

ते कुंकू सगळ्यांना दिसत होतं. पण त्या आठवड्यात हॉस्पिटलातल्या झाडून सगळ्या यंत्रांना कुंकू होतं, आणि लावलेलं कुंकू आपल्या हातानं पुसायला कोण धजतं? तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं टॅग स्वच्छ केला. फोन म्हणाला, ‘ओळख पटली. पेटी समोर आहे.’

म्हेत्रे मॅडम आधी तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. पुण्याचा निकालही आला होता, औषध अस्सल होतं. पैलवानाच्या सुनेनं दबल्या आवाजात सांगितलं की सासरे रोज संध्याकाळी ‘थोडी’ घेतात. रोज पिणाऱ्याला भूल नेहमीच्या मापात पुरत नाही, आणि थोडी म्हणजे किती, ते त्यांच्या भुलीनं दाखवलंच होतं.

"चौगुल्यांना मी फोन करते," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या स्टाफसमोर हार घालू."

"मी जाते आधी," ऋजुता म्हणाली.

निरंजनला तिनं गाडीतच सगळं सांगितलं, लॉकरसकट. तो माव्यावरून ओशाळला, आणि मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे माझ्यासाठी तू मॅडमचा नियम मोडलास?" तो म्हणाला. "तू?" त्याला फार बरं वाटलं होतं. ऋजुता खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिला तेवढंच एक वाक्य ऐकायचं नव्हतं.

चौगुल्यांचं घर बैठं होतं, पुढं तुळस आणि कर्दळ. निरंजन गाडीतच थांबला. चौगुले दारातल्या खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली. दोन दिवसांत शेजारपाजारच्यांनी काय काय विचारलं असेल ते अंगणात शिरतानाच कळत होतं, कारण समोरच्या घरातली बाई तिला बघून खिडकीत येऊन उभी राहिली.

"ये की, ये," ते म्हणाले. त्यांच्या बायकोनं, सुनंदाकाकूंनी, पाणी आणून ठेवलं आणि चहाचं बघायला आत गेल्या.

ऋजुतानं सगळं सांगितलं, अगदी बारीकसारीक. कुंकवाचं ऐकून चौगुले मोकळेपणानं हसले. "सिंधूच्या ताटानं एवढा घोळ घातला होय! आणि मी म्हणतोय कुठला जन्म आडवा आला." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. "बरं झालं पोरी. नाव धुतलं गेलं. आता उद्या ताठ मानेनं येतो."

आतून कपबशांचा आवाज आला. निघावं, असं ऋजुताला वाटलं. सगळं गोड झालं होतं.

"एवढं सांग," चौगुले म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसती माहिती विचारत होते. "ड्रममध्ये घालून बघायला किती वेळ लागला?"

"पाच मिनिटं."

"मी तुला काल म्हणालो होतो, ती पेटी बाहेर काढून बघ. तू म्हणालीस नियम हाय. मग आज नियम बदलला काय?"

उत्तर तयार होतं. येताना रस्त्यात तिनं ते जुळवलं होतं: तपासाचा पुढचा टप्पा होता, तिसरा आकडा आल्याशिवाय खात्री करता येत नव्हती. शास्त्रीय वाटलं असतं आणि चौगुल्यांनी ते मानलंही असतं. तिनं त्यांच्याकडे बघितलं. तिच्याच्यानं ते बोलवेना.

"नियम तोच होता, काका," ती म्हणाली. "काल आकडा तुमच्या टेबलावर आला होता. आज निरंजनच्या आला."

समोरच्या खिडकीतली बाई आत निघून गेली. चौगुल्यांनी ऋजुतापुढचा पाण्याचा तांब्या उचलून कडेला ठेवला आणि आत वळून हाक मारली.

"सुनंदा, चहा टाकू नको. मॅडम निघाल्यात."